न आलेल्यांचं पान

सुपडूनाना जेवताना पहिल्यांदा कधी 'हो' म्हणत नसत. वाढणारा जवळ आला की ताटावर आडवा हात धरायचा, मान मागे घ्यायची आणि म्हणायचं, "नको, नको, भरलं पोट." वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारून वाढायचं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा नाना 'नको' म्हणाले, तर ते खरं. खानदेशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. इक्वेडोरमध्ये मात्र शिकवावं लागलं, आणि तोवर नाना एकदा अर्धपोटी उठले.

मी मूळचा धुळ्याकडचा, नोकरी जळगावात, ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत. कागदावर मी इंजिनियर आणि नाना माझ्या हाताखालचे फिटर. शेतात पाय टाकला की ते उलटं व्हायचं. मी आराखडा उघडायच्या आत नाना चपला हातात घेऊन वाफ्यात उतरलेले असत. मूठभर माती उचलायची, दाबायची, तिचा गोळा अंगठ्याने फोडायचा आणि वाफसा आहे की नाही ते सांगायचं. ओलावा मोजायचं यंत्र मी नंतर मातीत खुपसत असे, आणि ते नानांचंच म्हणणं आकड्यात सांगत असे. "झाडाले तहान लागली का ते पानाले विचार, मीटरले नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीटर माझं असल्यामुळे मला ते झोंबायचं.

सुपडू हे नाव कसं पडलं, ते नव्या माणसाला सांगायला त्यांना फार आवडे. त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून हे जन्मल्याबरोबर आईने यांना सुपात घातलं होतं. "देवानं पाखडून पाह्यलं मले. कोंडा उडाला, दाना राह्यला," असं म्हणून ते आपल्या हाडकुळ्या छातीवर थाप मारत. माझ्या अहिराणीची थट्टा करणं हा त्यांचा दुसरा छंद. आमच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, त्यामुळे मी घरी फोनवर बोलत असलो की शेजारून म्हणायचे, "झालं याचं शे शे सुरू." स्वतःच्या बोलीबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. ती जगात सगळ्यांना कळते असं ते धरूनच चालत.

चार वर्षांपूर्वी कंपनीने आम्हा दोघांना इक्वेडोरला पाठवलं. माचाला म्हणून गाव आहे, समुद्राजवळ, आणि गावाभोवती नजर पोचेल तिथवर केळी. अशाच एका मोठ्या बागेत आमचं ठिबक बसवायचं होतं. नाना तेव्हा निवृत्त होऊन करारावर होते. जायला ते सहज तयार झाले, पण एक अट घालून. वैशाखातल्या पौर्णिमेच्या आत गावी परत. मी हो म्हटलं. काम तीन आठवड्यांचं होतं, पौर्णिमेला पाच आठवडे होते.

नाना माळकरी. तिकडे पहिला आठवडाभर ते शेंगदाण्याची चटणी, घरून आणलेले खाकरे आणि बागेतली केळी यांवर होते, कारण साध्या भाजीच्या सुपातसुद्धा मासा निघायचा. एके दिवशी संध्याकाळी कामावरून परतताना बस स्टँडमागच्या गल्लीत ते अचानक थांबले. नाक वर केलं. "इथं कोनीतरी भाकर टाकून राह्यलं," म्हणाले, आणि वासामागे निघाले. मी त्यांच्या मागे.

पिवळ्या, निळ्या, लाल पट्ट्यांनी रंगवलेलं दार होतं. आत चार टेबलं. भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र, आणि ओट्यापलीकडे पन्नाशीची एक बाई दोन्ही तळव्यांवर पीठ थापत उभी. हे व्हेनेझुएलाचं हॉटेल. तो देश सोडून लाखो लोक आसपासच्या देशांत गेलेत, त्यांतली ही एक, योलांदा. नाना टेबलाशी बसलेच नाहीत. ओट्याला टेकून ते तिचे हात बघत राहिले. मक्याच्या पिठाची जाड, तळहाताएवढी भाकरी ती काळ्या लोखंडी तव्यावर टाकत होती. तिला ते लोक अरेपा म्हणतात. "हात चांगला हाये बाईचा," नाना म्हणाले. हे प्रशस्तिपत्र त्यांनी माझ्या बायकोला अजून दिलेलं नव्हतं.

माझ्या स्पॅनिशचा कारभार मोबाइलवरच्या भाषांतरावर चालायचा. मांस नको, मासा नको, अंडं नको असं मी तिला दाखवलं. तिने काळ्या घेवड्याची दाट उसळ, भात, किसलेलं पांढरं चीज, तळलेली पिकली केळी आणि दोन अरेपा असं ताट आणून ठेवलं. अरेपा मधून चिरायची, तिच्या पोटात उसळ-चीज भरायचं आणि हातात धरून खायची, अशी तिथली रीत. नानांनी ती घेतली, दोन्ही हातांनी कुस्करली, चुऱ्यात आळं केलं आणि त्यात उसळ ओतली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी हळूच म्हटलं, "नाना, ती चिरून खातात." नाना म्हणाले, "बट्टी चुरूनच खातात." आमच्याकडे जाड कणकेची, गोवऱ्यांवर भाजलेली बट्टी असते, ती अरेपा त्यांनी तिच्यातच धरली होती. मग चुऱ्यावर धार धरल्याची खूण करून त्यांनी बाईकडे तूप मागितलं.

योलांदा कमरेवर हात ठेवून क्षणभर बघत राहिली. मला वाटलं, आता रागावणार. ती आत गेली आणि वाटीत लोणी वितळवून घेऊन आली. नाना बोटं चाटत जेवले. तळलेली केळी आधी त्यांनी बाजूला सारली होती. आयुष्य केळीत गेलं पण पिकलं केळं तळलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी गोडाचं म्हणून तीही संपवली. मग ती आणखी दोन अरेपा घेऊन आली. नानांनी ताटावर आडवा हात धरला, मान मागे घेतली, "नको, नको" केलं. ती हसली आणि परत घेऊन गेली.

नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. "गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेली. खोलीवर आल्यावर त्यांनी चटणीचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी मी योलांदाला मोबाइलवर लिहून दाखवलं, की हे गृहस्थ दोनदा नको म्हणतील, ते मनावर घेऊ नका. ती मोठ्याने हसली. तिची आईही असंच हात बाजूला सारून वाढायची म्हणे. इथल्या गिऱ्हाइकांना ते आवडत नाही, म्हणून तिने सोडलं होतं. त्या दिवसापासून नानांचा आडवा हात ती पळीने बाजूला ढकलू लागली. नानांनी तिचं नाव योलाअक्का ठेवलं. त्यांच्याहून ती दहा-बारा वर्षांनी लहान असेल, पण "जी वाढते ती अक्का" असं त्यांनी मला सुनावलं. पुढे रविवार सोडून रोज संध्याकाळी आम्ही तिथेच जेवलो. दोघं आपापल्या बोलीत बोलायचे. मी मोबाइल घेऊन मधे बसलेला असायचो, आणि बहुतेक वेळा माझी गरज नसायची.

वैशाखाचं एवढं काय, हे मला तिथेच कळलं. तिला सांगताना मी ऐकलं. इतकी वर्षं बरोबर काम करून मी कधी विचारलं नव्हतं.

नानांचं जुनं गाव तापीकाठी होतं. ते सोळा-सतरा वर्षांचे असताना धरणाच्या पाण्याखाली गेलं. बोदवडच्या बाजूला नवं गाव वसलं, पत्र्याची घरं झाली, पुढे पक्की झाली. पण दर वर्षी उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि जुन्या गावाची जोती उघडी पडतात. मारुतीचा ओटा पाण्याबाहेर पूर्ण आला की त्यानंतरच्या रविवारी सगळी माणसं तिथे जातात. ज्याने त्याने आपलं जोतं शोधायचं, चुलीची जागा शोधायची, तिथे गोवऱ्या पेटवून वरण-बट्टी करायची आणि केळीच्या पानावर जेवून यायचं. याला ते चूलभेट म्हणतात. बहुतेक वर्षी ती पौर्णिमेनंतरच्या रविवारी येते. निघताना नानांच्या आईने चूल विझवली नव्हती. पेटती चूल आपल्या हाताने विझवायची नाही, म्हणून तशीच सोडून ती बैलगाडीत बसली होती. तेव्हापासून नानांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

हे सगळं त्यांनी योलांदाला कसं सांगितलं, ते मी विसरणार नाही. ताटाच्या मधोमध अरेपाचा तुकडा ठेवला. "गाव," म्हणाले. मग पेल्यातलं पाणी ताटात हळूहळू ओतत गेले, तुकडा भिजून विरघळेपर्यंत. तिने ताटाकडे पाहिलं, उठली, आतून तो काळा तवा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. दोन सीमा ओलांडून, काही बसने, काही पायी, ती तो पाठीवर बांधून आली होती. घरातलं एवढंच सोबत आलं. नानांनी तव्यावरून हात फिरवला.

"चूल सोडून यावी लागते," ते म्हणाले. "तवा आनता येतो."

मी ते भाषांतर करायला घेतलं, पण तिने हाताने थांबवलं.

चूलभेटीत आणखी एक रीत आहे. जे येऊ शकले नाहीत, सुरतेला गेले, पुण्याला गेले, आजारी आहेत, त्यांचं एक-एक पान त्यांच्या जोत्यावर मांडायचं. त्यावर एक बट्टी, थोडं वरण. पानाचा शेंडा ज्या दिशेला तो माणूस गेला त्या दिशेला करायचा. ते पान कुणी खात नाही. पाणी परत चढलं की माशांचं. मेलेल्यांचं पान मांडत नाहीत, कारण ते आलेलेच असतात अशी समजूत आहे.

तिसरा आठवडा संपत आला आणि आमचे फिल्टर बंदरात अडकले. कुठला तरी कागद कमी होता. फिल्टरशिवाय पाणी सोडता येईना, पाणी सोडल्याशिवाय काम पुरं होईना. जळगावहून ऑफिसने कळवलं की दोघांपैकी एकाला परत यायचं तर येऊ दे. मी ते नानांना सांगितलं, आणि त्यालाच जोडून म्हटलं, "तुम्ही गेलात तर मला हे जमणार नाही." खरं होतं ते. पण ते बोलायची गरज नव्हती. तेवढं वाक्य मी गिळलं असतं तर नाना वेळेवर गावी गेले असते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "थांबतो मंग." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी मनातल्या मनात मात्र रोज काढत होतो, आणि आजही काढतो.

पौर्णिमा गेली. रविवारी सकाळी ते दाढी करत असताना गावाहून त्यांच्या मोबाइलवर फोटो आला. शेजारच्या जोत्यावरच्या यादवभाऊंनी पाठवला होता. तिकडची चूलभेट आटोपली होती. भेगाळलेला गाळ, तीन दगड, आणि त्यांच्यापुढे केळीचं एक पान. पानावर एक बट्टी. शेंडा मावळतीला. नाना अर्ध्या साबणाच्या तोंडाने तो फोटो बघत उभे राहिले.

"मले न आल्यांत धरलं त्यायनं," ते म्हणाले.

यादवभाऊंचं काही चुकलं नव्हतं. रीतच ती होती. पण चाळीसहून जास्त वर्षं दुसऱ्यांची पानं मांडणाऱ्या माणसाचं पान कुणीतरी मांडलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

नाना तोंड धुऊन निघाले ते थेट योलांदाकडे. रविवारी तिचं हॉटेल बंद असतं, पण ती मागेच राहते. मी फोटो दाखवला, काय झालं ते लिहून सांगितलं. तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं, आपला एप्रन काढून नानांच्या हातात दिला आणि बाजूला झाली. गव्हाचं पीठ तिच्याकडे बारीक होतं, बट्टीला जाडसर लागतं. नानांनी त्यात तिचं मक्याचं पीठ मिसळलं. गोवऱ्या नव्हत्या. गल्लीच्या तोंडाशी कोळशाची भट्टी होती, पण तिच्यावर कोंबड्या भाजत, त्यामुळे ती बाद झाली. शेवटी बट्ट्या त्या काळ्या तव्यावर झाकण ठेवून भाजल्या. मसुराचं वरण घोटलं. लोणी कढवून तूप केलं. केळीची पानं आणायला मी धावलो, त्या गावात ती चार पावलांवर मिळतात.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा नानांनी जमिनीवर तीन पानं मांडली आणि तिला आधी बसवलं. आपल्याच हॉटेलात जमिनीवर मांडी घालून बसताना ती अवघडली, पण बसली. नानांनी वाढलं. दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा तिने पानावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "नको, नको." अगदी मराठीत. नानांनी पळीने तिचा हात बाजूला सारला. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू तेव्हा पाहिलं.

मग त्यांनी चौथं पान घेतलं आणि मला म्हणाले, अक्काले विचार, तिचं कोन कोन आलं नही. मी विचारलं. आई, ती म्हणाली. आणि एक भाऊ. आणखी काही नावं घेता घेता ती थांबली. तिचा देश कोणत्या दिशेला, ते नानांनी हातानेच विचारलं. तिने रस्त्याकडच्या भिंतीकडे बोट केलं. नानांनी शेंडा तिकडे करून पान मांडलं आणि बट्टी तिच्या हातात दिली. तिनेच ती पानावर ठेवली. ती रडत होती. नाना तिच्याकडे न बघता पानाची शीर उगाच सरळ करत बसले.

फिल्टर पुढच्या आठवड्यात सुटले. बागेत पाणी खेळलं, तिथल्या मजुरांनी नानांना खांद्यावर घेतलं. निघताना योलांदाने त्यांना पांढऱ्या मक्याच्या पिठाचं एक पाकीट दिलं. विमानात ते त्यांनी मांडीवर ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी नाना आजारी पडले. श्वास लागायचा. काम सुटलं. मी अधूनमधून भेटायला जायचो, ते कॉटवर बसलेले असायचे आणि माझ्या नव्या प्लॉटची माती कशी आहे ते विचारायचे. मे महिन्यात त्यांचा फोन आला. मारुतीचा ओटा बाहेर आला होता. "येतं का? मागच्या सालाचं तुले अपराध्यासारखं वाटून राह्यलं असंल," म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी तेवढाच एक उल्लेख केला. ती त्यांची शेवटची चूलभेट. त्या पावसाळ्यात ते गेले. आता कुणी जेवताना ताटावर आडवा हात धरला की माझा घास हातात राहतो.

त्या शेवटच्या चूलभेटीला, उन्हाच्या आत आटपायचं म्हणून, आम्ही पहाटेच निघालो. आठ वाजता धूर सगळ्या जोत्यांवरून वर जात होता. गाळ वाळून कडक झालेला, पाणी शंभर पावलांवर. नाना दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून आपल्या जोत्यापर्यंत आले आणि तीन दगडांपाशी बसले. सोबत ते पाकीट होतं, वर्षभर न फोडलेलं. बट्ट्या सुनांनी केल्या. नानांनी स्वतः एकच अरेपा थापली, धाप टाकत, दोनदा थांबून.

न आलेल्यांच्या पानांत त्यांनी एक पान जास्तीचं मांडलं. शेंडा कुठं करायचा, मी विचारलं. "इमान कुठं गेलतं? सूर्याच्या मांगं. तिकडंच," म्हणाले. शेंडा पाण्याकडे झाला. त्यावर ती अरेपा ठेवली आणि मला फोटो काढायला लावला. वारा सुटला होता, पान उडू नये म्हणून त्यांनी कडेला हात दाबून धरला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात नाना नाहीत, त्यांचा हात आहे.

फोटो मी योलांदाला पाठवला. चूलभेट तिला माहीतच होती, त्यामुळे फक्त लिहिलं की हे तुमचं पान. तिकडे हॉटेल बंद करायची वेळ असावी. मिनिटाभरात उत्तर आलं. मी ते मराठीत करून नानांना वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, "नानांना सांगा, मी आले. हात धुऊन बसते आहे."

नानांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग ते दोन्ही हात टेकून पुढे सरकले, ते पान न आलेल्यांच्या ओळीतून उचललं, आणि बसल्या बसल्या ओढत आपल्या पानाशेजारी आणून ठेवलं. शेंडा डावीकडे केला, जेवायला बसलेल्या माणसाचा असतो तसा. घटकाभर श्वास घेतला. मी वरणाचं पातेलं घेऊन उभा होतो.

"ती नको म्हनेल," नाना मला म्हणाले. "तू वाढजो."